दाढ, हृदय आणि लाल शाई

अंबड तालुक्यातल्या आमच्या शाखेत एक शिपाई होते. सगळी शाखा त्यांना मामा म्हणे. वयाने ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मीही मामाच म्हणत असे. लहानपणी त्यांचा घसा वरचेवर सुजायचा, ताप यायचा. मग एका वर्षी गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजले. घरच्यांनी वाताचा विकार समजून लेप लावले, शेक दिला आणि महिन्याभरात सूज उतरली तेव्हा पोरगं बरं झालं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले. पण ते बरं झालेलं नव्हतं. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या मागोमाग येणारा हा संधिज्वर सांध्यांत फारसे काही मागे ठेवत नाही, हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडवून जातो. पाच ते पंधरा वर्षांची मुले त्याला सापडतात, आणि त्यातही दाटीवाटीच्या घरांतली जास्त. मामांची एक झडप वर्षानुवर्षे आकसत गेली आणि चाळिशीच्या सुमारास त्यांना बँकेचा जिना चढवेना. २००४ साली मुंबईला ऑपरेशन होऊन त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसली. दुपारी शाखेत गर्दी ओसरली की त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला तिची बारीक टिकटिक ऐकू येई. आमचे कॅशियर थट्टेने म्हणत, मामांना घड्याळ घ्यायची गरज नाही.

२०११ साली मामांची खालची दाढ ठणकू लागली. लवंग झाली, तंबाखूची चिमूट दाबून झाली, मग ते जालन्याला येऊन एका दवाखान्यात गेले. तिथे त्यांना दोन प्रश्न विचारले गेले. बीपी आहे का? शुगर आहे का? मामांना दोन्ही नव्हते. ते नाही म्हणाले आणि ते उत्तर शंभर टक्के खरे होते. रक्त पातळ ठेवण्याची गोळी ते रोज घेत. तिच्यामुळे रक्त लवकर थांबत नाही एवढे मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांच्या मनावर ठसवलेले होते, म्हणून त्यांनी कुणाला न विचारता ती तीन दिवस आधीच बंद केली होती. (कृत्रिम झडप असलेल्याने असे करणे म्हणजे झडपेवर गुठळी धरण्याला आमंत्रण. पण ते नंतर कळले.) दाढ निघाली, कापसाचा बोळा दाताखाली धरून मामा संध्याकाळच्या एसटीने घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले.

तीनेक आठवड्यांनी त्यांना संध्याकाळचा ताप येऊ लागला. गावात सलाईन लागले, तीन दिवसांच्या गोळ्या झाल्या, ताप उतरला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, पुन्हा तेच उपचार झाले. कुणी मलेरिया म्हटले, कुणी टायफॉइड. मामा वाळत चालले. एके सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला आणि तो हात पुन्हा उचललाच गेला नाही. तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला नेल्यावर निदान झाले: कृत्रिम झडपेवर जंतूंनी घर केले होते आणि त्या घराचा एक कपचा सुटून मेंदूत जाऊन अडकला होता. या आजाराला डॉक्टर एन्डोकार्डायटिस म्हणतात. उत्तम रुग्णालयातही त्यातले सुमारे पाचात एक जण दगावतात. सहा आठवडे शिरेतून इंजेक्शने घेऊन मामा वाचले. त्या वेळी रक्ताच्या तपासणीत जंतू सापडलेच नाहीत, कारण गावात आधी घेतलेल्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी त्यांना मारले नव्हते, नुसते लपवले होते. जंतू ओळखता न आल्यामुळे डॉक्टरांना औषध अंदाजाने निवडावे लागले.

मामा परत आले तेव्हा पगाराच्या खात्यातून पैसे काढायला त्यांना सही करता येईना. वीस-बावीस वर्षे दुसऱ्यांची व्हाउचरे या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा माणूस. नमुना सहीच्या कार्डावरची त्यांची वळणदार सही मी खोडली आणि तिथे डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. साक्षीदार म्हणून मीच सही केली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दाढ काढल्यामुळेच हे झाले का, असे मी तिथल्या डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, ‘‘छातीठोकपणे नाही सांगता येणार. हिरड्या खराब असतील तर दात घासतानाही जंतू रक्तात जातात. पण यांना दाढ काढण्याआधी एक औषध द्यायला हवं होतं, आणि ते दिलं गेलं नाही, एवढं मात्र नक्की.’’

त्या एका औषधाने माझ्या डोक्यात घर केले. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला नको त्या गोष्टी खणत बसण्याची खोड असते. डॉक्टर मित्रांना विचारून, त्यांनी दिलेले वाचून जे समजले ते असे.

आपल्या तोंडात असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. दात काढला, हिरडीखालचा थर खरवडला, की त्यांतले काही रक्तात उतरतात. निरोगी माणसाचे शरीर त्यांचा थोड्याच वेळात फडशा पाडते. पण हृदयात कृत्रिम झडप असेल तर तिच्या पृष्ठभागावर त्यांना बूड टेकायला जागा मिळते. लंडनच्या ओकेल आणि इलियट यांनी १९३५ साली दात काढल्यानंतर लगेच रुग्णांचे रक्त तपासून जंतू खरोखरच तिथे पोचतात हे दाखवले, आणि ज्यांच्या हिरड्या कुजलेल्या त्यांच्या रक्तात ते कितीतरी अधिक वेळा सापडतात हेही. पुढे पेनिसिलीन हाताशी आले, तेव्हा अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने १९५५ साली सल्ला दिला की हृदयाच्या झडपा सदोष असलेल्यांना दातांच्या कामाआधी ते द्यावे.

यानंतरचा इतिहास मला बँकेच्या व्याजदरांसारखा वाटतो; दर काही वर्षांनी नवे परिपत्रक. १९९० च्या परिपत्रकात आधी तीन ग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि सहा तासांनी आणखी दीड ग्रॅम असे होते. १९९७ मध्ये ते आधी दोन ग्रॅम, एकदाच, एवढ्यावर आले. २००७ साली मोठी कात्री लागली: औषध फक्त सर्वाधिक धोक्यातल्यांना, बाकीच्यांना नको. २००८ साली इंग्लंडच्या नाइस या संस्थेने तर कुणालाच नको असा निर्णय दिला. तिथल्या दंतवैद्यांनी औषध लिहिणे जवळजवळ थांबवले. पुढे २०१५ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की २००८ नंतर त्या देशात या आजाराचे रुग्ण अपेक्षेपेक्षा अधिक वाढत गेले. कारण तेच, असे काही सिद्ध झाले नाही. पण २०१६ मध्ये नाइसने आपल्या वाक्यात ‘सरसकट’ हा शब्द घातला. सरसकट देऊ नये. एका शब्दाने डॉक्टरला पुन्हा विचार करायची मोकळीक मिळाली. सरकारी मसुदे वाचण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना अशा एका शब्दाची किंमत कळेल. अमेरिकेने २०२१ मध्ये आणि युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२३ मध्ये सर्वाधिक धोक्यातल्यांना औषध द्यावेच, हे पुन्हा सांगितले.

मग हे सर्वाधिक धोक्यातले कोण? ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, किंवा झडप दुरुस्त करताना बाहेरची वस्तू बसवली आहे, ते. ज्यांना एकदा एन्डोकार्डायटिस होऊन गेला आहे, ते. जन्मतः हृदयात दोष असून ओठ-नखे निळी पडणारी आणि ऑपरेशन न झालेली मुले. जन्मजात दोषासाठी कृत्रिम वस्तू बसवली असेल तर पहिले सहा महिने, आणि दुरुस्तीनंतरही तिथे गळती राहिली असेल तर पुढेही. शिवाय हृदय बदललेल्यांपैकी ज्यांची झडप बिघडली आहे, ते. बस. घरोघरी ज्या गोष्टी असतात त्यांतल्या बहुतेक या यादीत नाहीत. स्टेंट नाही, बायपास नाही, पेसमेकर नाही. गुडघा बदललेल्यांनाही साधारणपणे याची गरज नाही, असे अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. आमच्या मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावर तीन कृत्रिम गुडघे आणि दोन स्टेंट आहेत. त्यांतल्या एकालाही हे औषध लागत नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे पाचही जण ते घेतात.

एका ठिकाणी मात्र ही परदेशी यादी आपल्याला जशीच्या तशी लावता येईल का, अशी शंका येते. ती ज्या देशांत तयार झाली तिथे संधिज्वर जवळपास संपलेला होता. आपल्याकडे तो संपलेला नाही. ज्यांच्या झडपा बिघडल्या पण बदललेल्या नाहीत, अशी माणसे आपल्या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज रांगेत असतात. अमेरिकेच्या यादीत ती बसत नाहीत. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांत हा ताप अजून आढळतो, म्हणून त्या देशाने २००८ साली आपल्या यादीत अशा रुग्णांना ठेवले. आपल्याकडे हृदयरोगतज्ज्ञ प्रत्येक रुग्णापुरता निर्णय करतात. म्हणून अशा माणसाने दाताच्या कामाआधी आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे, आणि तो दर एकवीस दिवसांनी पेनिड्यूरचे इंजेक्शन घेत असेल तर तेही सांगावे. पेनिसिलीनला सरावलेले जंतू त्याच्या तोंडात असू शकतात, आणि मग दुसऱ्या जातीचे औषध निवडावे लागते.

औषध म्हणाल तर अगदी साधे. पेनिसिलीनची अॅलर्जी नसलेल्या प्रौढाला अमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या चार कॅपसूल, दाताचे काम सुरू होण्याआधी अर्धा ते एक तास, एकदाच. मुलांना वजनावर. अॅलर्जी असेल तर पर्याय आहेत; पूर्वी त्यांत क्लिंडामायसिन असे, पण आतड्यांना होणाऱ्या अपायामुळे २०२१ मध्ये ते वगळले गेले. हे सगळे डॉक्टरांनी ठरवायचे. मी लिहितो आहे ते एवढ्यासाठी की ही गोष्ट किती छोटी आहे हे कळावे. पाच दिवसांचा कोर्स नाही, इंजेक्शन नाही, पदरमोड नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. गेल्या वर्षी माझ्या दाढेचे रूट कॅनाल झाले. माझे हृदय ठणठणीत आहे, दाढेला सूज नव्हती, ताप नव्हता. तरी काम झाल्यावर हातात पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी पडली. कशासाठी, असे विचारले तर उत्तर आले, ‘‘सेफ्टीसाठी.’’ मी ती चिठ्ठी खिशात घातली आणि औषध घेतले नाही. मला काही झाले नाही. म्हणजे ज्याला औषधाची बिलकुल गरज नव्हती त्याला पाच दिवसांचे, आणि ज्याला जीव वाचवायला एकदाच हवे होते त्याला शून्य. एकाच जिल्ह्यात, बहुधा एकाच रस्त्यावर. यात डॉक्टरांनाच दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. गोळी न देणारा डॉक्टर आपल्याला आवडत नाही. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून दोन कॅपसूल सुट्या मागणारे आपणच, आणि बरे वाटले की उरलेली पट्टी ‘पुढच्या वेळी’साठी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवणारेही आपणच. त्या पट्टीवर एक उभी लाल रेष असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ. केंद्र सरकारने २०१६ साली त्या रेषेचा मोठा प्रचार केला होता. आपल्या घरातल्या किती जणांच्या ती ध्यानात आली असेल?

लाल रेषेवरून मला आमच्या खतावण्या आठवतात. संगणक येण्यापूर्वी एखाद्या खातेदाराने अमुक चेक वटवू नका असे लेखी कळवले, की त्याच्या खातेपानाच्या डोक्यावर लाल शाईने तशी नोंद होई. नोंद करणारा कारकून दुसऱ्या दिवशी रजेवर गेला, त्याची बदली झाली, तरी बिघडत नसे. पान उघडेल त्याला ती दिसायचीच. नवा पोरगा असो की जुना मुरलेला, लाल शाई ओलांडून पैसे देण्याची कुणाची छाती होत नसे. संगणक आल्यावर खतावण्या गेल्या, पण तीच सूचना पडद्यावर येऊ लागली.

मामांच्या बाबतीत अशी लाल शाई कुठेच नव्हती. झडप मुंबईत बसली, गोळ्या अंबडला मिळत, दाढ जालन्यात निघाली, ताप गावात आला. प्रत्येक ठिकाणी पान नवे आणि कोरे. मुंबईची फाइल घरी पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाखाली. अशा पिशव्या आता गावोगाव वाढल्या आहेत. २०१२ साली राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती सगळ्या राज्यात गेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. झडपेचे ऑपरेशन तिच्यात बसते. कधी काळी ज्यांनी दम लागून अंगणातच प्राण सोडला असता, अशी माणसे तिच्यामुळे ऑपरेशन करून घनसावंगीला, मंठ्याला, भोकरदनला परत येतात, कामाला लागतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यांना घरी पाठवताना रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीबद्दल जितके बजावले जाते, तितके दातांबद्दल सांगितले जाते का? मामांना सांगितले गेले असेलही. त्यांना ते आठवत नाही. ऑपरेशनच्या धक्क्यात असलेल्या माणसाला तोंडी सांगितलेले चार महिन्यांनी आठवत नसते.

म्हणून माझे मागणे दोन ओळींचे आहे. झडप बदलून घरी निघालेल्या प्रत्येकाला खिशात मावेल असे मराठी कार्ड द्यावे आणि त्यावर लाल अक्षरांत लिहावे की दाताच्या कोणत्याही कामाआधी हे दाखवा. आणि दाताच्या प्रत्येक दवाखान्याने बीपी, शुगरच्या जोडीला तिसरा प्रश्न विचारावा: हृदयाचे ऑपरेशन झाले आहे का, लहानपणी संधिज्वर झाला होता का? अनेक दंतवैद्य हे विचारतात, लेखी विचारतात. जिथे विचारत नाहीत तिथे घरच्यांनी आपणहून सांगावे. शाळकरी मुलांसाठी २०१३ साली पालघरहून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदय आणि दात, दोन्ही तपासले जातात. ज्या मुलाच्या हृदयात खोट सापडते त्याच्या किडक्या दाढेकडेही त्याच दिवशी पाहिले गेले, तर पुढचे बरेच काही टळेल.

आणि दाढेपेक्षा ब्रश मोठा, हेही खरेच. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९० जणांचे रक्त तपासले होते. औषध न देता दात काढला तेव्हा शंभरातल्या साठ जणांच्या रक्तात हृदयाला अपायकारक जातीचे जंतू सापडले. औषध दिले तेव्हा तेहतीस जणांच्या. आणि ज्यांनी नुसते दात घासले त्यांच्यातही तेवीस जणांच्या! दात काढायची वेळ आयुष्यात चार-दोनदा येते, दात रोज घासायचे असतात. हिरड्या निरोगी असतील तर रोजच्या रोज रक्तात उतरणारे जंतू कमी. मिश्री लावणारी, सुपारी-तंबाखूचा बार भरणारी आपली माणसे हिरडीतून रक्त येते म्हणून ब्रश करणे सोडून देतात. हृदयात झडप असलेल्याने नेमके उलटे करायला हवे. ऑपरेशनच्या आधीच दातांची डागडुजी करून घ्यावी, आणि नंतर दर सहा महिन्यांनी दाखवावे.

गेल्या पावसाळ्यात मामांचा फोन आला. आता वरची दाढ. ‘‘साहेब, लई ठणकू लागली. पण तुमाला इचारल्याबिगर जायचं नाही म्हटलं.’’ मी त्यांना फाइल घेऊन जालन्याला बोलावले. या वेळी त्यांनी रक्त पातळ ठेवण्याची गोळी आपल्या मनाने बंद केली नव्हती. दाताच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी फाइल शेवटापर्यंत वाचली, मामांच्या हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, रक्ताची एक तपासणी करून आणायला सांगितली आणि दोन दिवसांनी सकाळची वेळ दिली.

त्या सकाळी त्यांनी मामांच्या डाव्या हातावर चार कॅपसूल ठेवल्या, पाण्याचा पेला दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘काका, पाऊण तास बाहेर बसा. मी हाक मारते.’’ आम्ही बाकावर बसलो. बाहेर पाऊस लागला होता. मामांनी कॅपसूल एकेक करून गिळल्या आणि मला विचारले, ‘‘एवढंच होतं व्हय, साहेब?’’

मी हो म्हणालो. पाऊण तासाने त्यांचे नाव पुकारले गेले. दाढ दहा मिनिटांत निघाली. रक्त थांबेपर्यंत तिथेच बसवून घेतले, आणि दुपारच्या एसटीने मी त्यांना अंबडला पाठवले.